घरच्या खोलीसाठी ड्रम सँडर निवडताना

मुलुंडच्या एका हौशी कारागिरांनी सविस्तर पत्र लिहून सल्ला विचारला आहे. इमारतीच्या तळमजल्यावर मागच्या बाजूला त्यांची ११ बाय १४ फुटांची खोली आहे आणि निवृत्तीनंतर तिथे ते पोळपाट, चौरंग, ट्रे आणि अधूनमधून एखादा लहान देव्हारा करतात. त्यांच्याकडे १२ इंची थिकनेसर, म्हणजे फळी रंधून एकसारख्या जाडीची करणारे यंत्र, आहे. पण फळ्या जोडून केलेले रुंद पान त्यात मावत नाही आणि उलट्या रेषेच्या, म्हणजे तंतू उलटसुलट गेलेल्या, लाकडाच्या तो चिपा उडवतो. म्हणून ड्रम सँडर घ्यायचा विचार आहे. तो १६ इंची घ्यावा की २२ इंची, तो आल्यावर थिकनेसर विकून जागा मोकळी करावी का, आणि अमेरिकेतले मेहुणे तिथून यंत्र पाठवायला तयार आहेत तर ते मागवावे का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मधला प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचे दोन्ही त्याच्यावर टेकलेले आहेत. थिकनेसर विकू नये. ड्रम सँडर म्हणजे विजेवर चालणारा रंधा, अशी समजूत करून घेऊन तो विकत घेणारी मंडळी पहिल्याच महिन्यात हिरमुसतात. फिरत्या ड्रमभोवती गुंडाळलेली एमरीची, म्हणजे लाकूड घासायच्या खरखरीत कागदाची किंवा कापडाची, पट्टी, खाली फळी पुढे नेणारा कन्व्हेयर आणि ड्रमच्या अलीकडे-पलीकडे फळी दाबून धरणारे दोन रूळ, एवढीच त्याची रचना आहे, आणि एका फेरीत तो जे काढतो ते जेमतेम कागदाच्या दोन-तीन पानांएवढे असते. १२ इंच रुंदीच्या सागवानावर ८० नंबरच्या एमरीने मी एका फेरीत पाव मिलिमीटरहून जास्त घेत नाही आणि १२० नंबरला, म्हणजे त्याहून बारीक एमरीला, त्याच्या निम्मे घेतो. या हिशोबाने एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जाडी उतरवायला बारा-तेरा फेऱ्या लागतात, एमरी तापते, मोटर तापते आणि माणूस यंत्राच्या या टोकाकडून त्या टोकाकडे येरझाऱ्या घालून दमतो. थिकनेसर तेच काम तीन फेऱ्यांत करून मोकळा होतो. जाडी थिकनेसरवर आणावी, शेवटचा अर्धा मिलिमीटर तेवढा सँडरसाठी राखावा, ही वाटणी एकदा मान्य केली की यंत्र कोणते घ्यावे हा प्रश्न बराच सोपा होतो.

त्या शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरात मात्र सँडरचा हात धरणारे दुसरे यंत्र नाही. शिसवाची गुंतागुंतीची रेषा, आंब्याची गाठ, बाभळीतला पीळ, यांपैकी कशावरही चिपा उडत नाहीत, कारण इथे पाते नाही. एक सूत जाडीची पट्टी एखाद्या जाड फळीवर ठेवून खुशाल घासता येते. थिकनेसरमध्ये घालायची छाती होणार नाही असे लहान तुकडेही यात जातात. दोन रुळांतले अंतर पार होण्याइतकी लांबी असली की पुरे, आणि १६ इंची यंत्रांत ते साधारण अडीच इंचांच्या आसपास असते. पोळपाट करणाऱ्याला तर हे यंत्र फारच मानवते. तुकडे जोडलेले पान एका पातळीत आणायला हाताने कागद मारत बसले तर कडा हमखास उतरतात, आणि कडा उतरलेल्या पोळपाटावर पोळी एका बाजूला पातळ होते हे घरात लगेच कळते.

आता रुंदीकडे येऊ. घरगुती वापराची बहुतेक यंत्रे एका बाजूने उघडी असतात. ड्रम एका खांबातून बाहेर आलेल्या बाहूवर टांगलेला असतो आणि दुसरे टोक मोकळे असते. फळी एकदा घालून, मग फिरवून दुसऱ्यांदा घातली की ड्रमच्या दुप्पट रुंदी घासता येते. १६-३२, १९-३८, २२-४४ असे जे आकडे नावांत दिसतात त्यांचा अर्थ हाच. यांतला दुसरा आकडा खोटा नसतो, पण तो मिळवायला खटाटोप असतो. बाहू जितका लांब, तितके त्याचे मोकळे टोक दाबाखाली जास्त उचलले जाते, आणि दोन फेऱ्यांच्या सांध्यावर रेघ उठण्याची शक्यताही तितकीच वाढते.

ही रेघ किती फसवी असते, ते माझ्या अनुभवावरून सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका घरासाठी मी २६ इंच रुंदीचे सागवानी टेबल केले आणि ते १६ इंची यंत्रावर दोन फेऱ्यांत घासले. हाताला काहीही लागत नव्हते. उजेडात तिरपे धरून पाहिले, समाधान झाले, हातात धरून चालवायचा ऑर्बिटल सँडर फिरवला आणि मेलामाइन पॉलिशचे दोन हात दिले. संध्याकाळी ट्यूबलाइट लावली तेव्हा टेबलाच्या बरोबर मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आखल्यासारखी एक सरळ सावली उभी होती. खाचेची खोली केसाएवढीही नसेल, पण चकाकत्या पॉलिशने ती चौपट करून दाखवली. पॉलिश पूर्ण उतरवून पहिल्यापासून काम करावे लागले. दोष यंत्राचा नव्हता. ड्रम आणि कन्व्हेयरचा पाट समांतर आहेत की नाहीत, हे मी कित्येक महिन्यांत तपासले नव्हते.

ती तपासणी अशी करावी. एकाच फळीतून साधारण दोन इंच रुंदीच्या आणि फूटभर लांबीच्या दोन पट्ट्या काढाव्यात व थिकनेसरवर दोन्हींची जाडी सारखी करून घ्यावी. मग एक पट्टी खांबाच्या बाजूला आणि दुसरी मोकळ्या टोकाला, अशा दोन्ही एकाच वेळी सँडरमधून काढाव्यात. उंची न बदलता त्या पुन्हा एकदा काढाव्यात, म्हणजे बाहूचा लवचीकपणा हिशोबातून वजा होतो. त्यानंतर व्हर्नियरने दोन्हींची जाडी मोजावी. ०.१ मिलिमीटरपर्यंतचा फरक मी अरुंद कामाला चालवून घेतो, त्याहून जास्त असेल तर पाट किंवा ड्रम सरकवायच्या स्क्रूला हात घालतो. रुंद पान दोन फेऱ्यांत करायचे असेल तेव्हा मोकळ्या टोकाकडची फट मुद्दाम किंचित जास्त ठेवतो. किंचित म्हणजे किती, तर तिथली पट्टी खांबाकडच्या पट्टीपेक्षा अगदी ०.०५ मिलिमीटर जाड निघावी इतकी. त्यामुळे ड्रमचे टोक मधोमध खाच पाडत नाही, आणि मध्ये जो नगण्य उंचवटा राहतो तो ऑर्बिटलच्या दोन हातांत विरतो.

म्हणूनच दुकानात गेल्यावर ड्रमच्या रुंदीआधी मी हे स्क्रू पाहतो. ते कुठे आहेत, त्यांच्यापर्यंत पाना पोहोचतो का, की त्यासाठी अर्धे यंत्र उघडावे लागते? समांतरपणा बिघडतो तो नेहमी काम अर्ध्यावर असताना, आणि तासभर खर्च होणार असेल तर माणूस ‘चालेल’ म्हणून पुढे जातो. मीही गेलो होतो. त्यानंतर उंचीचे चाक फिरवून त्यातला ढिलेपणा पाहावा. चाक उलट फिरवल्यावर ड्रम हलायच्या आधी किती रिकामे फिरते, हे कळले पाहिजे. कन्व्हेयरचा वेग सलग कमी-जास्त करता येणारा हवा. मोटरवर ताण आला की वेग आपोआप उतरवणारी सोय काही यंत्रांत असते. नव्या माणसाला तिचा खरोखर उपयोग होतो, कारण अति खोल घेण्याची चूक ती पुष्कळदा सावरून घेते.

पत्रातल्या कामाची मापे पाहता १६ इंची यंत्र पुरेल, आणि १९ इंची मिळाले तर चौरंगाचे १८ इंची पान एका फेरीत निघेल. २२ इंचीच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे. त्या खोलीत थिकनेसर, करवत आणि टेबल आधीच असणार. त्यात सँडरच्या पुढे आणि मागे फळीच्या लांबीएवढी मोकळी जागा लागते, म्हणजे चार फुटी फळीसाठी यंत्र धरून जवळजवळ दहा फूट. खोलीच्या १४ फुटी बाजूलाच हे जमेल. दोन्ही टोकांना आधार असलेली, दोन ड्रमची यंत्रेही मिळतात. ती अतिशय दणकट असतात आणि त्यांत सांध्याचा प्रश्नच उद्भवत नाही, पण ड्रमपेक्षा रुंद काहीही त्यांत जात नाही आणि त्यांची जागा वसई-भिवंडीच्या गाळ्यात आहे. वर्षातून एखादेच मोठे टेबल होत असेल, तर ते टेम्पोत घालून वाइड बेल्ट सँडर, म्हणजे एमरीच्या रुंद पट्ट्याचे मोठे यंत्र, असलेल्या कारखान्यात घासून आणणे सर्वांत शहाणपणाचे.

अमेरिकेहून यंत्र मागवण्याबद्दल माझे उत्तर नकारार्थी आहे, आणि ते केवळ वाहतूक व जकातीच्या खर्चामुळे नाही. तिथे वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर लावून २३० व्होल्टचे ११५ व्होल्ट करता येतात. हर्ट्झ मात्र ट्रान्सफॉर्मरला बदलता येत नाहीत. तिथे मिनिटाला १७२५ फेरे घेणारी मोटर इथे १४२५ च्या आसपास फिरते. ड्रमचा व्यास ५ इंच धरला, तर एमरीचा पृष्ठवेग सेकंदाला साडेअकरा मीटरवरून साडेनऊ मीटरवर येतो. वेगातली ही घट एक वेळ सोसता येईल. पण तितक्याच व्होल्टवर हर्ट्झ कमी झाले की मोटर जास्त करंट ओढते आणि तापते, आणि सँडरची मोटर तशीही सतत भाराखाली असते. मोटर बदलू म्हणावे, तर या लहान यंत्रांत ती बऱ्याचदा ड्रमला थेट जोडलेली असते, त्यामुळे बाजारातली कोणतीही मोटर तिथे बसत नाही. मोटरच्या पाटीवर ५० हर्ट्झ आणि २३० व्होल्ट हे दोन्ही आकडे स्पष्ट लिहिलेले असतील, तरच पुढचे बोलणे करावे. कन्व्हेयरचा पट्टा, बेअरिंग आणि एमरी धरणाऱ्या क्लिपा इथे मिळतील का, हेही लेखी विचारून घ्यावे. क्लिपची स्प्रिंग तुटल्यामुळे महिनोन्महिने धूळ खात पडलेले यंत्र मी पाहिले आहे.

दीड हॉर्सपॉवरची मोटर २३० व्होल्टवर आठ अँपिअरच्या आसपास करंट घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. धूळ ओढणारे यंत्र जवळजवळ तितकेच घेते, आणि दोन्ही एकाच वेळी चालवावी लागतात. त्यामुळे १६ अँपिअरचे दोन स्वतंत्र पॉइंट, प्रत्येकाला सुरू होतानाचा तो झटका सोसणारा सी प्रकारचा वेगळा एमसीबी आणि नीट अर्थिंग एवढे करून घ्यावे. मुलुंडला वीज महावितरणची आहे. बिलावर मंजूर भार छापलेला असतो, तो आधी पाहावा आणि कमी असेल तर वाढवून घ्यावा.

धुळीबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण यंत्र निवडताना तिचा विचार सर्वांत शेवटी होतो आणि पश्चात्ताप सर्वांत आधी तिचाच होतो. १६ इंच रुंद आणि तीन फूट लांब सागाच्या फळीवरून एक मिलिमीटर लाकूड उतरवले, तर जवळजवळ पाव किलो भुकटी तयार होते. थिकनेसरच्या सालपटांसारखी ती खाली पडत नाही; पिठासारखी हवेत तरंगते आणि यंत्र बंद केल्यानंतरही कितीतरी वेळ उतरत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात केला आहे. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर इथे उपयोगाचा नाही. त्याची ओढ जोरदार असली तरी तो हवा थोडी ओढतो, आणि सँडरच्या ४ इंची तोंडाला मिनिटाला निदान ४०० ते ६०० घनफूट हवा लागते. म्हणून ४ इंची नळीचा डस्ट कलेक्टर यंत्राबरोबरच विकत घ्यावा. पैसे पुरत नसतील तर सँडर पुढच्या वर्षी घ्यावा, पण कलेक्टरशिवाय तो चालवू नये. कलेक्टरच्या साध्या कापडी पिशवीतून सर्वांत बारीक, म्हणजे सर्वांत घातक धूळ पुन्हा खोलीत येते. एक मायक्रॉनपर्यंत गाळणारी पिशवी किंवा फिल्टर मागून घ्यावा आणि तरीही तोंडाला एन ९५ मास्क लावावा. हवा खिडकीतून बाहेर सोडण्याची कल्पना मोहक वाटते, पण वरच्या मजल्यावरच्या दोरीवर कुणाच्या तरी साड्या वाळत असतात.

आवाजाचेही तसेच. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. सँडर स्वतः थिकनेसरइतका किंचाळत नाही, पण कलेक्टरची घरघर अखंड चालते. दुपारची झोप सोडून कामाची वेळ ठरवली की सोसायटीच्या सभेत आपला विषय निघत नाही.

एमरीसाठी कागदी पाठीची पट्टी घेऊ नये, कापडी घ्यावी. आपल्या पावसाळ्यात कागद ओल पितो आणि गुंडाळताना किंवा पहिल्याच फेरीत फाटतो. कापडीसुद्धा थोडी सैल पडते, आणि सैल पट्टीची कड शेजारच्या वेढ्यावर चढली की प्रत्येक फळीवर रेघ येते. म्हणून जून ते सप्टेंबर या महिन्यांत काम सुरू करण्यापूर्वी पट्टीवरून हात फिरवून ताण पाहावा, अर्थात यंत्राची विजेची पिन काढूनच. नागदेवी स्ट्रीटला कापडी एमरीचे रोल मिळतात. त्यांतून हव्या त्या रुंदीच्या पट्ट्या कापून घेता येतात. मूळ पट्टीची दोन्ही तिरपी टोके पुठ्ठ्यावर गिरवून ठेवली की तो पुठ्ठा जन्मभर साचा म्हणून पुरतो. ८० आणि १२० एवढे दोनच नंबर ठेवावेत. १८० किंवा २२० ची पट्टी ड्रमवर चढवण्याचा मोह आवरावा, कारण ती सागाच्या तेलाने बुजते आणि लाकूड जाळते. ड्रमच्या बारीक सरळ रेघा कोणत्याही नंबरला राहतातच. त्या ऑर्बिटल सँडरवर १२० पासून वर चढत काढायच्या असतात.

सागवानात नैसर्गिक तेल असते आणि सिलिकाही असते, त्यामुळे एमरी बुजतेही लवकर आणि बोथटही होते. एकाच जागी बुजलेल्या एमरीने फळीवर काळी रेघ ओढली की ती रेघ सांगते कुठे पाहायचे. ड्रम फिरत असताना क्रेप रबराची कांडी त्याच्यावर टेकवली की भरलेली भुकटी निघून येते. आमच्याकडे यासाठी जुन्या चपलेचा क्रेपचा तळ वर्षानुवर्षे चालला. फळीला जागा मिळत असेल तर ती सरळ न घालता थोडी तिरपी घालावी, म्हणजे एमरीच्या एकाच वेढ्यावर सगळा भार येत नाही. पोळपाटाची आडवी रेषा, म्हणजे तंतूंची कापलेली टोके, वर आली असेल, तर खोली आणखी निम्मी करावी आणि कन्व्हेयरला मध्येच थांबू देऊ नये. थांबला तिथे डाग पडतो आणि तो खोलवर जातो.

रे रोडच्या वखारींतून पाडलेल्या चाळींच्या तुळया आणून कापणाऱ्यांनी प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवल्याशिवाय ती सँडरमध्ये घालू नये. मोडलेल्या खिळ्याचे डोके एमरी तर फाडतेच, पण त्याची ठिणगी कलेक्टरच्या पिशवीत जाऊन बारीक भुकटीत तासन्‌तास धुमसत राहू शकते. काम संपल्यावर पिशवी घराबाहेर नेऊन रिकामी करण्याची सवय लावून घ्यावी. व्हिनियर लावलेला प्लायवूड यात मुळीच घालू नये, कारण त्याची वरची साल अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते आणि पहिल्या दोन फेऱ्यांतच खालचा थर डोकावतो.

यंत्र पाहायला जाताना सारख्या जाडीच्या त्या दोन पट्ट्या, व्हर्नियर आणि आपल्या नेहमीच्या लाकडाचा एक रुंद तुकडा पिशवीत घालून न्यावा आणि दुकानदाराला यंत्र समोर चालवायला सांगावे. पट्ट्या मोजून झाल्यावर समांतरपणा मुद्दाम थोडा बिघडवून पुन्हा जुळवून दाखवण्याची विनंती करावी. जो माणूस हे पंधरा मिनिटांत करून दाखवतो, त्याच्याकडून यंत्र घ्यावे, मग ते शेजारच्या दुकानात थोडे स्वस्त मिळत असले तरी. मेहुण्यांना काही पाठवायचेच असेल, तर क्रेप रबराच्या दोन मोठ्या कांड्या पाठवायला सांगाव्यात. त्यांना हर्ट्झ लागत नाहीत.